ओळखपत्र स्कॅन करताना या चुका टाळा : काऊंटरवर बसणाऱ्यांसाठी आणि कोड लिहिणाऱ्यांसाठी

साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत मी लिहिलेलं स्कॅनिंग सॉफ्टवेअर बसवलं आणि पहिल्याच आठवड्यात काही बायकांची पॅन कार्डं ते 'अवैध' ठरवू लागलं. कार्डं खरी होती, चूक माझ्या कोडमध्ये होती. व्यक्तीच्या पॅनमधलं पाचवं अक्षर म्हणजे आडनावाचं पहिलं अक्षर, हा नियम मी तपासणीत घातला होता. पण लग्नानंतर आडनाव बदललं तरी पॅन नंबर तोच राहतो. माहेरचं जाधव, सासरचं शिंदे, तर पाचव्या जागी 'जे'च राहणार. त्या बायकांना विनाकारण दोन-दोन फेऱ्या पडल्या. नियम बरोबर असूनही त्याचा वापर चुकीचा असू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

आता या सॉफ्टवेअरमध्ये बरंच नवं आलं आहे. कार्ड चौकटीत आलं की फोटो आपोआप निघतो, चकाकी आली तर सूचना येते, देवनागरी फोनवरच वाचली जाते, क्यूआरवरची डिजिटल सही तपासता येते, पासपोर्टची चिपही वाचता येते. तरी काऊंटरवरची गर्दी हटत नाही. त्याची कारणं बहुतेक ठिकाणी तीच तीच असतात.

अक्षरं वाचली म्हणजे कार्ड तपासलं असं समजू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सॉफ्टवेअरने आधारवरचं नाव, जन्मतारीख, पत्ता झरझर भरला की ऑपरेटर निर्धास्त होतो. पण छापलेली अक्षरं कोणीही बदलून छापू शकतो. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा व्हेरहॉफ पद्धतीने काढलेला असतो. टायपिंगमध्ये एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर ही पद्धत हमखास पकडते. मात्र तो नंबर खरोखर कोणाला दिलेला आहे का, हे ती सांगत नाही.

खरा पुरावा क्यूआरमध्ये आहे. आधारच्या सुरक्षित क्यूआरमध्ये नाव, जन्मतारीख किंवा जन्मवर्ष, लिंग, पत्ता आणि छोटा फोटो असतो, आणि या सगळ्यावर यूआयडीएआयची, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, डिजिटल सही असते. पूर्ण आधार नंबर त्यात नसतो, शेवटचे चारच आकडे असतात. मजकुरातला एक काना जरी कोणी बदलला तरी सही जुळत नाही.

इथे कोड लिहिणाऱ्यांना विनंती आहे. मी पाहिलेल्या कित्येक प्रोग्रॅममध्ये क्यूआर उलगडला जातो, माहिती दाखवली जाते, पण सही तपासलीच जात नाही. मग घरी बनवलेला क्यूआरसुद्धा हिरवी खूण मिळवून जातो. सही तपासा, आणि ती तपासण्यासाठी लागणारं यूआयडीएआयचं सार्वजनिक प्रमाणपत्र अद्ययावत ठेवा. जुनी कार्डं चालतात आणि नवीच तेवढी नापास होतात, असं दिसलं तर आधी प्रमाणपत्र बघा, कार्डधारकावर संशय घेऊ नका.

दुसरी अडचण जावास्क्रिप्टवाल्यांची. हा क्यूआर वाचला की आकड्यांची प्रचंड लांब रांग हाती येते. ती साध्या संख्येत साठवली की मागचे आकडे गळतात आणि पुढे काहीच उलगडत नाही. त्यासाठी बिगइंट हा कितीही लांब संख्या साठवणारा प्रकार वापरा. हातातल्या स्कॅनरने वाचत असाल तर रकान्याची अक्षरमर्यादा काढून टाका. संगणकावर मराठी कळफलक चालू राहिलेला नाही ना, हेही बघा. असा स्कॅनर स्वतःला कीबोर्डच समजतो आणि भलतंच टाईप करून बसतो.

'स्कॅनच होत नाही'

आपल्याकडे कार्ड मिळालं की पहिलं काम लॅमिनेशनचं. डोक्यावर ट्यूबलाईट आणि खाली चकचकीत प्लास्टिक असलं की बरोबर नावावर पांढरा पट्टा येतो. फ्लॅश लावला तर आणखी वाईट. फ्लॅश बंद करा, कार्ड गडद रंगाच्या पुठ्ठ्यावर ठेवा आणि पुठ्ठा थोडा तिरका करून उजेड बाजूने येऊ द्या. पावसाळ्यात साताऱ्यात भर दुपारी अंधारून येतं, तेव्हा पांढऱ्या कागदाची एक बाजू उभी धरली तरी पुरेसा उजेड परतून येतो.

बाजारात छापून घेतलेली प्लास्टिक कार्डं हा वेगळा विषय. अशा छपाईत क्यूआर अनेकदा निकामी होतो, असा इशारा यूआयडीएआयने २०१८ मध्येच दिला होता. क्यूआर बारीक ठिपक्यांचा असतो. शाई जरा पसरली की संपलं. त्यावर तासभर झटण्यापेक्षा खातेदाराला सांगा की यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ई-आधार काढा आणि तो साध्या कागदावर नीट छापून आणा.

स्वयंचलित स्कॅनर चित्र उजळ करतो, सावल्या पुसतो. कागदपत्रासाठी ते छान आहे, पण क्यूआर मात्र मूळ चित्रातूनच वाचा. खाडाखोडीच्या खुणाही त्या उजळवण्यात पुसल्या जातात. आणि चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या गूगलच्या एमएल किटने मराठी ओळी वाचायच्या असतील तर देवनागरीचं वेगळं पॅकेज जोडावं लागतं. ते राहिलं की रोमन तेवढं येतं, मराठी रकाने रिकामे किंवा विचित्र दिसतात आणि सगळे कॅमेऱ्याला दोष देत बसतात.

आपली नावं, आपली गावं

या बाबतीत बाहेरून आलेलं सॉफ्टवेअर हमखास अडखळतं, म्हणून इथे जरा थांबतो. एकाच माणसाच्या एका कागदावर 'कराड' असतं आणि दुसऱ्यावर 'कऱ्हाड'. दोन्ही बरोबर आहेत. शिवाय हा 'ऱ' संगणकात दोन-तीन तऱ्हांनी लिहिला जातो : एकसंध अक्षर म्हणून, 'र' आणि खाली नुक्ता (टिंब) म्हणून, किंवा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण म्हणून. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसतात, प्रोग्रॅमला वेगळे वाटतात. संगणकात अक्षरं साठवायची जी युनिकोड पद्धत आहे, तिचं एनएफसी हे एकसारखं केलेलं रूप वापरलं की पहिले दोन एक होतात. तिसऱ्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. 'कुऱ्हाडे' आडनावाच्या माणसाला 'नाव जुळत नाही' असं सांगण्याआधी एवढं करायलाच हवं.

सांगली जिल्ह्यात इस्लामपूरचं नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. कार्डांवर दोन्ही नावं बरीच वर्षं दिसणार. गावाच्या नावापेक्षा पिनकोड आधी जुळवा. ४१५४०९ दोन्हीकडे तोच आहे.

एक चूक फक्त महाराष्ट्रातच इतकी जाणवत असेल. नाव आणि जन्मतारीख सारखी आली की बरीच सॉफ्टवेअर 'हे खातं आधीच आहे' म्हणतात. पण शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली कितीतरी माणसं आपल्या गावांत आहेत आणि अख्खं गाव एकाच आडनावाचं असतं. अशा दोन वेगळ्या माणसांना एक ठरवू नका. तसंच कार्डावर फक्त जन्मवर्ष असेल तर सॉफ्टवेअरने स्वतःहून १ जानेवारी भरू नये. रकाना अर्धा राहू द्या.

पासपोर्ट : दोन ओळींचा हिशेब

महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलवाल्यांना परदेशी पाहुण्यांचे पासपोर्ट नोंदवावे लागतात. पासपोर्टच्या तळाशी ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात आणि महत्त्वाच्या रकान्यांपुढे एक तपासणी आकडा असतो. ७, ३, १ या वजनांनी गुणून, बेरीज करून, दहाने भागल्यावर उरलेली बाकी म्हणजे तो आकडा. जन्मतारीख ९१०४१५ असेल तर ६३, ३, ०, २८, ३ आणि ५, बेरीज १०२, म्हणून तपासणी आकडा २. पहिला १ चुकून ७ वाचला गेला तर बेरीज १२० होते, बाकी शून्य येते आणि चूक पकडली जाते.

पण एक फट आहे. या हिशेबात इंग्रजी 'जी' अक्षराची किंमत १६ धरतात. वाचताना 'जी' आणि इंग्रजी सहा यांची गल्लत झाली तर फरक बरोबर १० पडतो आणि बाकी बदलतच नाही! म्हणून तपासणी आकडा जुळला तरी अक्षराच्या जागी अक्षर आणि आकड्याच्या जागी आकडा आहे ना, हे वेगळं बघा. बहुतेक भारतीय पासपोर्टच्या नंबरात पहिलं अक्षर आणि पुढे सात आकडे असतात, त्यामुळे आपल्याकडे हे सोपं आहे.

ई-पासपोर्टची चिप उघडायची किल्ली याच ओळींतून बनते : पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि मुदत संपायची तारीख. यातलं एक अक्षर चुकलं तरी चिप दाद देत नाही आणि पडद्यावर 'चिप खराब' असं येतं. आधी ओळी पुन्हा वाचा. मग फोनचं जाड कव्हर काढून फोन पासपोर्टवर स्थिर धरा, हलवू नका.

फोटो साठवू नका

काम झालं की चित्र पुसा. ऑपरेटरच्या गॅलरीत आणि व्हॉट्सअॅपवर लोकांची आधार कार्डं पडून असतात, हे मी स्वतः पाहिलं आहे आणि ते मला फार खुपतं. शेवटचे चार आकडे पुरत असतील तर मास्क केलेलं, म्हणजे बाकीचे आकडे झाकलेलं, आधारच मागा. डेव्हलपरनी लॉग, म्हणजे प्रोग्रॅम आपोआप लिहून ठेवतो त्या नोंदी, उघडून बघाव्यात. चाचणीच्या वेळी घातलेली ओळ तशीच राहून तिथे पूर्ण नंबर छापले जात असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शेवटची गोष्ट पडद्यावरच्या एका बटणाची. तीनदा स्कॅन फसलं की 'हाताने भरा' हे बटण दिसलं पाहिजे, स्कॅन का फसलं ते लिहायला एक ओळ पाहिजे आणि ती नोंद वरिष्ठांकडे तपासणीला गेली पाहिजे. माझ्या पहिल्या आवृत्तीत हे बटण नव्हतं. मेढ्याकडून एसटीने आलेल्या एका आजींचं कार्ड इतकं झिजलेलं होतं की काहीच वाचता येईना, आणि काऊंटरवरच्या मुलीकडे त्यांना परत पाठवण्यावाचून काही उपाय नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते बटण घातलं.