स्ट्रिंग ऑफ पर्ल्सची कूज अशी थांबवली

नाशिकचा पावसाळा, दमट हवा, त्यात नर्सरीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आतून ओलंच. टांगलेल्या स्ट्रिंग ऑफ पर्ल्सचे, म्हणजे मण्यांसारख्या गोल पानांच्या लोंबत्या वेलीचे, कुंडीच्या तोंडाशी असलेले मणी पिचपिचीत झाले. शेंडे मात्र टवटवीत. म्हणजे दुखणं मुळाशी.

हे मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातलं, पाणी मण्यांत साठवणारं. धडधाकट वेली कापल्या, टोकं सुकू दिली. मातीच्या पसरट कुंडीत जाड वाळू, पर्लाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे खडे) नि थोडं कोकोपीट भरून कापलेल्या वेली वर गोल गुंडाळून नुसत्या टेकवल्या. पेरांतून मुळं फुटतात. कुंडी पूर्वेच्या खिडकीत, पण माथ्यावर उजेड पडेल अशी. हे फार महत्त्वाचं, कारण उंच टांगलं की माथा अंधारात राहतो आणि तिथूनच वेल विरळ होते. आता मणी किंचित सुरकुतले तरच पाणी. घरात मांजर असेल तर जपा, झाड विषारी आहे.