शिडाच्या होडीवरून लांबचं डायव्हिंग: निघण्याआधी काय काय, आणि कार्ट्रिज

आधी एकच गोष्ट: कॉम्प्रेसरच्या फिल्टरच्या कार्ट्रिज, म्हणजे सिलिंडरमध्ये जाणारी हवा कोरडी आणि स्वच्छ करणाऱ्या नळ्या. जास्तीच्या, सीलबंद. मागच्या खेपेला यादीत कपडे वाळत घालायचे चिमटेसुद्धा होते आणि हेच नव्हतं. बाकी काहीही राहिलं तर मालवणच्या नाहीतर कर्नाटकातल्या मुरुडेश्वरच्या बाजारात काहीतरी भागवता येतं. हे भागत नाही. कॉम्प्रेसर सुरू होतो, पेट्रोल असतं, पाणी नितळ असतं, आणि सिलिंडरमध्ये भरायला श्वासाजोगी हवा नसते.

हिशेब कागदावर मांडा, तोंडी नको. सहा माणसं, प्रत्येकाचे दिवसाला दोन डायव्ह, म्हणजे रोज बारा सिलिंडर भरायचे. ११ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर ५० बार दाबावरून २०० बारवर न्यायला १,६५० लिटर हवा लागते. होडीवर मावणारा छोटा कॉम्प्रेसर मिनिटाला १०० लिटर देतो, म्हणजे एकाला साडेसोळा मिनिटं. बारांना सव्वातीन तास, पाणी काढणं आणि नळी बदलणं धरून चार. सहा दिवसांचे चोवीस तास झाले. मॅन्युअलमध्ये कार्ट्रिजचं आयुष्य समजा २० तास लिहिलंय. लोक दोन घेतात आणि निर्धास्त होतात. फसगत इथेच होते. तो आकडा साधारण २० अंश तापमानाचा असतो. शेवटच्या सेपरेटरमधून (दाबलेल्या हवेतलं पाणी वेगळं करणाऱ्या डब्यातून) पुढे जाणारी हवा वाफेने गच्च भरलेली असते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की तिच्यातलं पाणी जवळपास दुप्पट होतं. कोकणात मार्चमध्ये दुपारी सावलीतही ३२-३३ अंश असतं. म्हणजे २० चे ८ धरा. चोवीस तासांना तीन, वर दोन शिलकीच्या. पाच कार्ट्रिज. दोन नव्हे, पाच. आणि हे कॉम्प्रेसर मोकळ्या वाऱ्यात ठेवला तर. बंद खणात कोंबलात तर पाचही पुरणार नाहीत.

छत्रपती संभाजीनगरात अंगणात कॉम्प्रेसर चालवून पाहायचा आणि सेपरेटरच्या ड्रेनमधून चमचाभर पाणी निघालं म्हणून खूश व्हायचं, हे करू नका. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, म्हणून तिथे पाणी कमी दिसतं. किनाऱ्यावर एका सिलिंडरमागे चाळीसेक मिलिलिटर निघतं, कटिंगचा अर्धा ग्लास. ते दर दहा मिनिटांनी सोडायचं. मोबाइलवर गजर लावा, कारण दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो, आणि न सोडलेलं पाणी सरळ कार्ट्रिजमध्ये जातं. कार्ट्रिज ओली झाली की तिच्यातला कोळसा तेलाची वाफ धरायचं सोडतो. कार्बन मोनॉक्साइड मारणारा थर असेल तर तोही कोरडा असेपर्यंतच काम करतो. वीस मीटर खोलीवर दाब तिप्पट, म्हणजे त्या विषाचा जोरही तिप्पट. वर नुसतं डोकं दुखलं असतं, खाली शुद्ध जाते. ओली कार्ट्रिज उन्हात वाळवून परत बसवायचं कुणाच्या तरी डोक्यात येईलच. पापड नाहीत ते.

आणखी एक: वाळूजला मिळेल, ही समजूत. वाळूजच्या एमआयडीसीत एअर फिल्टरचे एलिमेंट हवे तेवढे मिळतात, पण ते कारखान्याच्या सात-दहा बारच्या लाइनचे. इथे २०० बारच्या वरचं काम आहे आणि ती हवा माणसाच्या फुप्फुसात जाणार आहे. फिल्टर टॉवरवरच्या (कार्ट्रिज ज्यात बसते त्या नळकांड्यावरच्या) मॉडेल नंबरचा फोटो काढा आणि दोन महिने आधी मागवा. सोबत टॉवरच्या झाकणाच्या ओ-रिंग. माल आला की प्रत्येक पाकीट उजेडात धरून बघा. टाचणीएवढं भोक असेल तर ती कार्ट्रिज मेलेली समजा, परत पाठवा. बसवायच्या क्षणापर्यंत पाकीट फोडायचं नाही. बसवताना घरच्या डिजिटल काट्यावर वजन करून मार्करने वरच लिहा, तारीख आणि तासही. वजन वाढत गेलं की पाणी भरतंय. तेल कॉम्प्रेसरच्या कंपनीने सांगितलेलंच, गाडीचं नाही.

कॉम्प्रेसर कुठे ठेवायचा? मागच्या बाजूला. नांगरावर होडीचं तोंड वाऱ्याकडे राहतं, धूर मागे उडून जातो, आणि हवा ओढणारी नळी पुढे, उंच, डोलकाठीला बांधायची. पण ओहोटीचा ओढा जोरात असला की होडी वाऱ्याऐवजी प्रवाहाकडे तोंड करते आणि तोच धूर नळीवर येतो. म्हणून नळीच्या टोकाला रंगीत फीत बांधा आणि भरणाऱ्याने तिच्यावर डोळा ठेवावा. त्याच वेळी बॅटरी चार्ज करायला होडीचं डिझेल इंजिन सुरू करायचं नाही. कितीही घाई असली तरी.

शिडी आणि सिलिंडरचं रॅक मात्र इथेच बनवून न्या. वाळूज-चिकलठाण्याच्या फॅब्रिकेटरसारखं काम किनाऱ्यावर शोधत बसावं लागतं. पण स्टील ३१६ हवं. तो म्हणेल, ‘साहेब, ३०४ बी स्टेनलेसच हाय की.’ असेल, वेरूळ रोडवरच्या हॉटेलच्या रेलिंगला. खाऱ्या हवेत आठवड्यात चहाच्या रंगाचे गंजाचे डाग पडतात आणि मग वेल्डिंगपासून सडत जातं. चुंबकाने फरक कळत नाही. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये नसतं; ते ओळखणारं थेंबाचं किट मिळतं, त्याने समोर तपासून घ्या. वेल्डिंगनंतर पिकलिंग पेस्ट (डाग खाणारी आम्लाची) लावून धुवायला सांगा. शिडीच्या दोन-तीन पायऱ्या पाण्याखाली गेल्या पाहिजेत, नाहीतर फिन काढलेला दमलेला माणूस पहिल्याच पायरीला लोंबकळतो. सिलिंडर आणि कमरेचे शिशाचे पट्टे पाण्यातच काढून दोरीने वर ओढायचे, त्यासाठी बाजूला दोन दोऱ्या, टोकाला क्लिप.

वजन. भरलेला सिलिंडर १७ किलोच्या आसपास, बारांचे दोनशे किलो. ते मागच्या खणात नको, होडीचं ढुंगण बसतं आणि शिडावर चालताना ती सुकाणू ऐकत नाही. मधोमध, खाली, आडवे, रबरी पट्ट्याने आवळून. एक जरी सुटला तर रात्रीच्या लाटेत तो केबिनभर लोळतो आणि व्हॉल्व्ह कशावर तरी आदळतो. शिसं तळाशी. आणि स्विमिंग पूलमध्ये जमलेलं शिसं समुद्रात पुरत नाही: खारं पाणी अडीच टक्क्यांनी जड, साहित्यासह शंभर किलोच्या माणसाला दोन-अडीच किलो जास्त लागतं. शिवाय ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला की तरंगायला बघतो, म्हणून वजनाची चाचणी ५० बार उरलेल्या सिलिंडरवर घ्यायची.

सिलिंडरच्या खांद्यावर हायड्रो चाचणीची (पाण्याच्या दाबाने सिलिंडर तपासायची) तारीख कोरलेली असते. पाच वर्षं होत आली असतील तर आत्ताच पाठवा. पिकअपमध्ये नेताना भरलेले नेऊ नका, दहा-वीस बार पुरे. उन्हाळ्यातलं ऊन आणि ताडपत्रीखालचा हौदा, कशाला.

रेग्युलेटर (सिलिंडरची हवा श्वासाजोग्या दाबाने तोंडाशी देणारा) सर्व्हिस करून. योक आणि डिन (रेग्युलेटर सिलिंडरला जोडायच्या दोन पद्धती) दोन्हीचं अडॅप्टर. ओ-रिंग योकच्या व्हॉल्व्हला ०१४, डिनला ११२, प्रत्येकी वीस. माउथपीस, केबल टाय, मास्क-फिनचे पट्टे, सिलिकॉन ग्रीस, एक हाय प्रेशर होज. प्रत्येकाला फुगवायचा केशरी बोया आणि रीळ. निळा-पांढरा अल्फा झेंडा (खाली डायव्हर आहेत ही खूण). हे सगळ्यांना माहीत आहे. कार्ट्रिजही सगळ्यांना माहीत होती.

ऑक्सिजन. बी-टाइप सिलिंडर, २०२१ मध्ये घरोघर पाहिला तोच, साधारण १,५०० लिटरचा. डीकंप्रेशनच्या रुग्णाला (वर येताना अंगात नायट्रोजनचे बुडबुडे झालेल्याला) मिनिटाला १५ लिटर द्यायचा, म्हणजे एक सिलिंडर शंभर मिनिटं. नेत्राणी बेटापासून मुरुडेश्वरचा किनारा दहाएक सागरी मैल; पाच नॉटने दोन तास, शिवाय माणसाला होडीत घेईपर्यंतचा वेळ वेगळा. एकाने भागत नाही, दोन घ्या. पाना सिलिंडरलाच दोरीने बांधा. मास्क नॉन-रिब्रीदर (सोडलेला श्वास परत आत येऊ न देणारा). मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात रीकंप्रेशन चेंबर (रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायची खोली) आहे, पण तिकडे परस्पर निघायचं नाही. आधी तटरक्षक दल: १५५४, किंवा व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६.

सॅटेलाइट फोन मित्राकडून उसना आणू नका, परवान्याशिवाय आपल्याकडे तो गुन्हा आहे. २५ वॅटचा पक्का बसवलेला व्हीएचएफ परवान्यासह, आणि ईपर्ब (संकटात उपग्रहामार्फत आपली जागा कळवणारा बीकन).

मालवण ते नेत्राणी सरळ रेषेत सुमारे १३० सागरी मैल, पाच नॉटने सव्वीस तास, म्हणजे एक रात्र समुद्रात. पाळ्या लावा, मच्छीमारांच्या जाळ्यांवर दिवे असतीलच असं नाही. सकाळी मतलई, दुपारनंतर खारा वारा, त्यावर निघायची वेळ ठरवा. प्रवाळावर नांगर नाही, वाळू शोधा, साखळी खोलीच्या पाचपट. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, कुठे उतरायचं ते वनखात्याला आणि बंदरावर विचारून. नेत्राणीचंही तसंच. डायव्हर पाण्यात असताना होडीवर दोघं, इंजिन आणि डिंगी चालवता येणारे. सगळे एकदम उड्या मारायच्या नाहीत.

पाणी माणशी दहा लिटर रोज. डिझेल फिल्टर, इम्पेलर, बेल्ट. विमा, होडीची कागदपत्रं. खाणं ज्याचं त्याने बघा. ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आठवडाभर टिकतात, ब्रेड तिसऱ्या दिवशी बुरशी धरतो. कार्ट्रिज मोजल्या का? पुन्हा मोजा. पिकअपमध्ये चढवल्यावर, घरातल्या टेबलावर नव्हे.

परतताना: शेवटचा डायव्ह संपवून त्याच संध्याकाळी फोंडा नाहीतर गगनबावडा घाट चढायचा नाही. घाटमाथा सहा-सातशे मीटर, आणि संभाजीनगरही ५५० च्या वरच. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणजे बुडबुड्यांचा धोका; विमानासारखाच नियम लावा, अठरा तास खाली थांबा, चोवीस उत्तम. साहित्य गोड्या पाण्याने. सिलिंडरमध्ये थोडा दाब राहू द्या. कॉम्प्रेसरचा फिल्टर टॉवरही पुरता मोकळा करू नका, आत दाब ठेवून बंद करा, म्हणजे बसवलेली कार्ट्रिज ओल धरणार नाही. तिच्यावर किती तास झाले ते लिहा.