शेवटच्या चाळीस पायऱ्या ठाण्यातच मोजा

माझे वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते. मी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत वाढलो. ओझ्याचा धंदा सुटला नाही, फक्त पोत्यांच्या जागी लोकांचे संसार आले. घरसामान परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत गेली एकोणीस वर्षं मी पॅकिंग सुपरवायझर आहे. गिऱ्हाईक पहिला प्रश्न समुद्राचा विचारतं: बोट हलते का, कंटेनर पडतो का. अहो, न्हावाशेव्याहून निघालेला माल समुद्रात निवांत असतो. तो अडतो तिकडच्या जुन्या शहरातल्या गल्लीत आणि जिन्यावर. तिथे अडू नये म्हणून जे काही करायचं, ते इथे पहिला खोका बांधायच्या आधी करायचं असतं.

हे मी चूक करून शिकलो. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमधून तीन सीटर सोफा उचलला होता. चौदावा मजला, पण मोठी सर्व्हिस लिफ्ट, दहा मिनिटांत खाली. जायचा होता ॲमस्टरडॅमला, तिसऱ्या मजल्यावर. सर्व्हेच्या फॉर्मवर ‘तिकडे प्रवेश’ असा रकाना असतो. त्यात मीच ‘नॉर्मल’ लिहिलं, कारण ज्यांचा सोफा ते साहेब म्हणाले होते, घर छान आहे. घर छानच होतं. पण तिथल्या कालव्याकाठच्या जुन्या घरांचे जिने म्हणजे जवळजवळ माळ्याची शिडी. सामान खिडकीतूनच घ्यायचं, म्हणून त्या घरांच्या माथ्यावर बाहेर आलेली तुळई आणि तिला आकडा असतो. कित्येक घरांची पुढची भिंत मुद्दाम रस्त्याकडे थोडी कललेली असते, वर चढणारा माल भिंतीला घासू नये म्हणून. आता आकड्याऐवजी बहुतेक वेळा शिडीसारखी बाहेरची लिफ्ट लावतात. आमच्या सोफ्यालाही लावली. खिडकीचा उघडणारा भाग एकतीस इंच, सोफ्याची सगळ्यात लहान बाजू पाय काढूनही चौतीस. तीन इंचांसाठी सोफा पाच आठवडे तिकडच्या गोडाऊनमध्ये भाडं खात बसला आणि शेवटी साहेबांनी तो कुणाला तरी देऊन टाकला. तेव्हापासून ‘नॉर्मल’ हा शब्द मी कुठल्याही फॉर्मवर लिहिलेला नाही.

तर आधी मापं. तिकडच्या घरात जो कुणी असेल, मुलगा, जावई, घरमालक, त्याच्याकडून रस्त्यापासून बेडरूमपर्यंत चालत काढलेला एक सलग व्हिडिओ मागवा. फोटो नको, फोटोत माणसं अडचणीची जागा सोडून काढतात. मग टेप घेऊन मापं: दार पूर्ण उघडल्यावर उरणारी मोकळी जागा (चौकट मोजू नका, उघडलेलं पानही जागा खातं), कठडा आणि भिंत यांमधली जिन्याची रुंदी, वळणावरच्या चौकाची लांबी-रुंदी, त्या वळणावर डोक्यावरचं छत किती उंच, लिफ्ट असेल तर तिची आतली मापं. आणि खिडकीचं माप म्हणजे काचेचं नव्हे, जेवढा भाग खरोखर उघडतो तेवढ्याचं.

सगळ्यात दगा देतं वळण. सरळ जिन्यात मोठी वस्तूही तिरकी करून चढते, वळणावर मात्र तिची लांबी, खोली आणि छताची उंची एकाच वेळी भांडायला लागतात. हे कागदावर सुटत नाही. यावर माझा उपाय अगदी पोरकट आहे, पण अजून फसलेला नाही. नौपाड्यातल्या एका ताईंना आजीचं सागवानी कपाट लेकीकडे पाठवायचं होतं, तेही ॲमस्टरडॅमलाच. मी कपाटाची मापं लेकीला कळवली आणि म्हटलं, पुठ्ठ्याचे मोठे खोके उलगड, चिकटपट्टीने बरोबर या मापाचा डबा कर आणि नवऱ्याला घेऊन जिन्याने वर चढव. तिने व्हिडिओ कॉल लावला. पहिलं वळण पार. दुसऱ्या वळणावर डबा असा रुतला की जावई वरच्या बाजूला आणि ती खाली, मध्ये पुठ्ठा. ताई इकडे हसत होत्या, पण डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी सुतार आणला. कपाट जुन्या पद्धतीचं, सांधे खुंट्यांचे, खिळा जवळजवळ नाही. त्याने वरचा आणि खालचा भाग अलग करून बोल्ट बसवून दिले. पुठ्ठ्याचा डबा अर्धा कापला, तो आरामात गेला. कपाटही गेलं.

सगळंच असं सुटं होत नाही. घरात बसून फेविकॉलने चिकटवलेलं प्लायचं वॉर्डरोब सोडवलं की त्याचा भुगा होतो. ते इथेच राहू द्या. साडेसहा फुटी लोखंडी कपाटाचंही तेच, आणि काथ्याच्या गादीचंही. फोमची गादी वाकते, काथ्याची मोडते. हायड्रॉलिक पलंगाचे पंप काढता येतात, पण स्क्रू त्याच पलंगाला पिशवीत बांधा, ‘हार्डवेअर’ नावाच्या वेगळ्या खोक्यात नको. पाटा-वरवंट्याला मी कधी नाही म्हणत नाही, फक्त तो एकटाच एका छोट्या खोक्यात.

आता रस्ता. चाळीस फुटी कंटेनर ट्रेलरवर असला की गाडी सोळा मीटरच्या आसपास जाते. ती गोखले रोडवर संध्याकाळी उभी करून दाखवा, मग मी पॅरिसबद्दल बोलतो. इथे तरी आपण काय करतो? चरईतल्या गल्लीतून छोटा हत्ती तीन फेऱ्या मारतो आणि कळंबोलीच्या गोडाऊनला कंटेनर भरतो. तिकडेही तेच उलटं करायचं, त्याला शटल म्हणतात. ॲमस्टरडॅमच्या मध्यभागी साडेसात टनांवरच्या गाडीला खास परवानगीशिवाय फिरता येत नाही. लंडनमध्ये घरासमोरची पार्किंगची जागा त्या भागाच्या कौन्सिलकडून पैसे भरून रिकामी करून घ्यावी लागते, आणि प्रत्येक कौन्सिलचे नियम वेगळे. पॅरिसमध्ये बाहेरच्या लिफ्टला फुटपाथजवळ जागा लागते, तिचीही परवानगी. वारा जोराचा असेल तर लिफ्ट लावत नाहीत, आणि खिडकीसमोर झाड असेल तर विषयच संपला. इटलीतल्या कित्येक जुन्या शहरांत मधल्या भागात शिरणारी गाडी कॅमेरा टिपतो आणि दंड घरी येतो. व्हेनिसचं तर विचारूच नका: होडी, मग ढकलगाडी, मग पुलाच्या पायऱ्या. भरतीला पाणी चढलं की होडी कमी उंचीच्या पुलाखालून जात नाही. आमच्या उरणच्या ड्रायव्हरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे तिकडेही भरती-ओहोटी बघूनच धंदा!

परवानगीची तारीख मात्र बोटीच्या तारखेवर ठरवू नका. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून कितीतरी बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या आणि प्रवास आठवडा-दोन आठवड्यांनी लांबला. कस्टममधून माल सुटल्याचं कळलं की मगच जागा आणि लिफ्ट बुक करायला सांगा.

कोटेशनमधल्या ‘डोअर टू डोअर’ या तीन शब्दांवर तर अजिबात विसंबू नका. कुठलं डोअर? बऱ्याचदा ते बिल्डिंगचं असतं आणि तेही गाडी तिथवर जात असेल तर. शटल, बाहेरची लिफ्ट, पार्किंगची परवानगी, लिफ्ट नसलेले मजले, गाडी लांब उभी राहिली तर हातावर वाहण्याचे मीटर, गोडाऊनचं भाडं, यातलं काय धरलंय आणि काय नाही हे मेलवर लिहून घ्या. आपल्याकडे वाराई, म्हणजे माल चढवायची-उतरवायची मजुरी, आधी ठरवतात ना, तसंच. व्हिडिओ पाठवला असेल तर त्याच मेलला जोडा, म्हणजे ‘आम्हाला जिना माहीत नव्हता’ असं तिकडचा एजंट म्हणू शकत नाही.

पॅकिंगही जिना डोळ्यांपुढे ठेवूनच करायचं. चार मजले चढवायचा खोका वीस किलोवर नको. पुस्तकं छोट्या खोक्यात, मोठ्यात उशा आणि कपडे. खोक्यावर तिकडच्या खोलीचं नाव लिहा आणि ते तिकडच्या माणसाला कळणारं असू द्या. माझ्या पोराने एकदा रोमन अक्षरांत ‘देवघर’ लिहिलं होतं. तिकडच्या हमालांच्या टोळीने ते बाथरूममध्ये नेऊन ठेवलं. काकूंचा फोन मला आला.

लाकडी क्रेट लागत असेल तर त्या लाकडावर उष्णता दिल्याचा शिक्का बघून घ्या. गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. शिक्का नसेल तर माल बंदरावरच अडकू शकतो. सामान थोडं असून दुसऱ्यांच्या मालासोबत जाणार असेल, तर मोठा क्रेट तिकडच्या गोडाऊनला उघडून नग सुटे आणणार का, तेही विचारा. बंद क्रेट कुठल्याच जिन्याने चढत नाही.

उतरवण्याच्या दिवशी दोन माणसं हवीत: एक खाली गाडीजवळ पॅकिंग लिस्टवर नंबर मारायला, एक वर कुठलं काय ते दाखवायला. जिन्याच्या भिंतीचे आणि कठड्याचे फोटो माल चढायच्या आधीच काढून ठेवा, घरमालक नंतर प्रत्येक ओरखडा तुमच्या नावावर लावतो. आणि पहिल्या रात्रीचा खोका, चादरी, चहाचं सामान, चार्जर, एक पक्कड, एक स्क्रू ड्रायव्हर, हा इथे सगळ्यात शेवटी बांधायला सांगा आणि त्याला नंबर एक द्या. शटलच्या पहिल्या फेरीत तो आला नाही तर तिसरी फेरी येईपर्यंत माल मिळाल्याची सही करू नका.