गाड्यांची सेंताई कानांनी कशी बघायची

चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागले, त्या पहिल्याच आठवड्यात जपानी इंजिनिअर म्हणाले, "हान्दोरु ओमोइ." मी मराठीत सांगितलं, हँडल जड लागतंय. लाइनवरची दोन पोरं दाराचं हँडल ओढून बघायला लागली. साहेबांना म्हणायचं होतं स्टिअरिंग. जपानीत स्टिअरिंगला हान्दोरु म्हणतात. त्या दिवसापासून गाडीच्या भागांची जपानी नावं मी एका वहीत लिहीत आले.

२०२४ साली भाच्याबरोबर 'बाकुआगे सेंताई बूनबूमजर' ही जपानी मालिका बघायला बसले. नायकाचं नाव ऐकलं आणि उठून तीच वही काढली. हांदो ताइया. हान्दोरु आणि ताइया. स्टिअरिंग आणि टायर.

सुपर सेंताई म्हणजे १९७५ पासूनची जपानी मालिकांची परंपरा. रंगीत पोशाखातली चार-पाच जणांची टोळी आणि त्यांच्या वाहनांना जोडून होणारा महाकाय यंत्रमानव, हा तिचा ओळखीचा चेहरा. त्यातल्या गाड्यांवरच्या मालिका बघायच्या तर माझं एकच सांगणं आहे: आधी ऐका, मग बघा. पोशाख आणि रोबो डोळ्यांना दिसतातच. खरी आखणी मात्र नावांत दडलेली असते, आणि ती जपानी उच्चारातच सापडते.

म्हणून एक वही घ्या. प्रत्येक पात्राचं नाव आडनाव आधी, नाव नंतर असं लिहा. सबटायटलमध्ये बरेचदा उलट असतं, त्यामुळे जोड तुटते. मग मोठ्यानं म्हणा. शेवटचं अक्षर गळालेलं असेल किंवा लांब स्वर आखूड झाला असेल, असं धरून चला. हान्दोरुमधला 'रु' गेला की हांदो. आकुसेरु, म्हणजे ॲक्सिलरेटर, त्याचा झाला आकुसे. बुरेऽकीचं बुरेकी. शिफुतो, म्हणजे गिअर टाकण्यातली शिफ्ट, जशीच्या तशी. मेऽताऽ, म्हणजे मीटर, झाला मेइता.

आता शेजारी त्या माणसाचं काम लिहा. मेइता इशिरो टोळीला माहिती पुरवतो, आणि गाडीत माहिती देतो तो मीटरच. शिफुतो मिरा गाडी चालवते. आकुसे जोऽ पोलीस आहे. त्याच्या नावातल्या 'जोऽ'ची कांजी, म्हणजे जपानी लिहिताना वापरतात ते अर्थ सांगणारं चित्राक्षर, तिचा अर्थ कुलूप, आणि जपानीत बेडीला तेजोऽ म्हणतात, हातातलं कुलूप. भाग आणि काम असे जुळायला लागले की लेखकानं माणसं कुठून उभी केली ते कळतं.

मिराशी जरा थांबा. ऐकायला ते मिराऽ, म्हणजे आरसा. गाडीतला आरसा मागचं दाखवतो. पण तिचं नाव ज्या कांजीत लिहितात तिचा अर्थ 'भविष्य'. कानाला मागचं ऐकू येतं, डोळ्याला पुढचं दिसतं. कान आणि कांजी असे वेगवेगळं बोलतात, तिथं लेखक सगळ्यात जास्त रमलेला असतो, असा माझा अनुभव आहे. याच मालिकेतले राक्षस म्हणजे कुरुमाजूऽ. कुरुमा म्हणजे गाडी, पण लिहिताना कांजी घेतल्यात दुःख, सैतान आणि श्वापद यांच्या. त्यांच्या टोळीला हवं असतं 'ग्याऽसोलिन': माणसं घाबरून "ग्याऽ!" ओरडतात, त्यातून निघणारं इंधन.

दुसरा सराव २००८ च्या 'एन्जिन सेंताई गोऑनजर'वर करा. इथे एन्जिन लिहितात ते 'ज्वाला' आणि 'देव' या कांजींनी. प्रत्येक एन्जिन अर्धं वाहन, अर्धं जनावर. पानावर दोन रकाने पाडा आणि नाव मधोमध कापा. स्पीडोरु: स्पीड आणि कोंदोरु, म्हणजे काँडोर गिधाड. बासुऑन: बस आणि लायन. जेत्तोरास: जेट आणि तोरा, म्हणजे वाघ. किशामोस: किशा, म्हणजे वाफेची आगगाडी, आणि मॅमथ. तोरिपुताऽपाशी भाचा अडला. "मावशी, तोरि म्हणजे पक्षी ना? मग ही कोंबडी का?" कारण रोजच्या बोलण्यात, विशेषतः खाण्याच्या बाबतीत, तोरि म्हणजे कोंबडीच. उरलेला तुकडा हेलिकॉप्टरचा.

इथेही चालक आणि वाहन जुळवून बघा. बासुऑन ज्याच्याकडे आहे तो रेन पूर्वी बस चालवायचा. गस्तीची गाडी आणि जर्मन शेफर्ड मिळून झालेला गानपाऽदो ज्याचा, तो गुनपेइ आधी पोलिसात होता. आणि आकडे मोजा. तीन एन्जिन मिळून एक रोबो, असे चार रोबो. जी-६, जी-९, जी-१२ ही मोठ्या जोडण्यांची नावं म्हणजे आत किती एन्जिन आहेत त्याची सरळ मोजणी. खेळणी वर्षभर टप्प्याटप्प्यानं दुकानात आणायची असतात, त्याचं वेळापत्रकच नावात लिहिलंय.

खलनायक सोडू नका. गोऑनजरचे तीन मंत्री जमीन, पाणी आणि हवा नासवतात. योगोश्ताइनमध्ये 'योगोसु' आहे, मळवणं. कितानेइदासमध्ये 'कितानाइ', घाणेरडं. केगारेशियामध्ये 'केगारे', आणि या शब्दाला आपला 'विटाळ' जितका नेमका बसतो तितका दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

पण मला सगळ्यात आवडते ती १९९६ ची 'गेकिसोऽ सेंताई कारेंजर'. पाच जण एका छोट्या मोटार कंपनीत कामाला आहेत: टेस्ट ड्रायव्हर, डिझायनर, विक्रीवाला, मेकॅनिक आणि ऑफिसातली हिशेब बघणारी. कारखान्यात वावरणाऱ्याला हे लगेच दिसतं. कागदावरच्या रेघेपासून गिऱ्हाइकाच्या पावतीपर्यंत गाडीचा सगळा प्रवास त्या पाच जणांत आहे. शत्रू आहेत बोऽझोक्कु, म्हणजे बोऽसोऽझोकु, रस्त्यावर धुमाकूळ घालणाऱ्या टोळ्या. म्हणून नायकांची घोषणा 'लढणारी वाहतूक सुरक्षा' अशी.

गंमत अशी की इथे गाडीच्या भागांची नावं दुष्टांना दिलीत. बोन्नेत्तो, म्हणजे बॉनेट, तिची झाली झोन्नेत्तो. डायनॅमोचा गाइनामो. कुराच्चि, म्हणजे क्लच, त्याचा गुराच्चि. सेरुमोऽताऽ, ज्याला आपण नुसतं 'सेल्फ' म्हणतो, त्याचा झेरुमोदा. शेवटची दोन नीट ऐका. कु चा गु, से चा झे. जपानी लिपीत अक्षरावर दोन बारीक रेघा दिल्या की हा फरक होतो. आपल्या वर्णमालेत क आणि ग एकाच ओळीत बसतात, त्यामुळे मराठी कानाला हे पटकन उमगतं. घोष व्यंजनांनी नाव जड आणि खरबरीत होतं, आणि जपानी राक्षसांना तसंच नाव शोभतं.

आगगाड्यांवरची २०१४ ची 'तोक्कुजर' घेतलीत तर एवढंच बघा, की नायकांची नावं रंगांवरून नाहीत, १ गोऽ, २ गोऽ अशी क्रमांकांवरून आहेत. शिनकानसेनच्या गाड्यांना असेच क्रमांक असतात. आणि इथे नायक एकमेकांचे रंग बदलून घेतात, त्याला म्हणतात नोरिकाए, स्टेशनवर गाडी बदलणं. रंगावरून नाव ठेवलं असतं तर पहिल्याच बदलाला गोंधळ झाला असता.

वहीत पेनानं फक्त तेच लिहा जे उच्चार, कांजी आणि काम यांपैकी निदान दोन गोष्टींवर टिकतं. बाकीचं पेन्सिलीनं. माझ्या वहीत बूनबूमजरचा बुरेकी गेम्बा अजून अर्धा पेन्सिलीत आहे. बुरेकी म्हणजे ब्रेक, ते पेनानं. तो टोळीला सामान मिळवून देणारा, तेही पेनानं. पण 'गेम्बा' म्हटलं की मला आमचा शॉप फ्लोअर दिसतो. चाकणला सकाळी साहेब लोक 'गेम्बा वॉक'ला निघतात, तो गेम्बा. नावातली कांजी मात्र वेगळी आहे, म्हणून भाच्यानं खोडरबर शेजारीच ठेवलाय.