भाड्याच्या घरात वॉशिंग मशीनचा पॉइंट काढताय? या चुका टाळा

ऐरोलीतला आमचा वन-बीएचके भाड्याने देताना ड्राय बाल्कनीत मशीनसाठी नळ काढला, प्लग बसवला आणि काम झालं असं समजलो. पाणी जाणार कुठे, हे प्लंबरला विचारलंच नाही. भाडेकरूने मशीनचा पाइप जमिनीवरच्या जाळीत सोडला. दोन महिन्यांत खालच्या काकूंच्या छताला ओल आली.

मशीन पाणी पंपाने जोरात फेकतं, आणि कपड्यांच्या तुसाने जाळी चोंदलेली असते. मग पाणी लादीवर पसरतं. ड्राय बाल्कनीला बाथरूमसारखं वॉटरप्रूफिंग असेलच असं नाही, त्यामुळे ते स्लॅबमध्ये मुरतं.

म्हणून आधी निचरा, मग नळ. भिंतीलगत दीड इंची उभा पाइप घ्या आणि तो खाली ट्रॅपला (गटाराचा वास अडवणाऱ्या, पाणी साचून राहणाऱ्या वळणाला) जोडा. फ्रंट लोडसाठी त्याचं तोंड जमिनीपासून साधारण ६० ते ९० सेंमीवर हवं. फार खाली ठेवलं तर भरलेलं पाणी आपोआप वाहून जातं, मशीन भरतच राहतं आणि भाडेकरू मेकॅनिकला बोलावतो. होज तोंडात घट्ट चिकटवू नका, हवेला जागा ठेवा. सेमी-ऑटोमॅटिकला बहुधा पंप नसतो, त्याचा पाइप जमिनीलगतच लागतो. भाडेकरू कुठलं मशीन आणेल सांगता येत नाही, तेव्हा खालीही एक तोंड काढून ठेवा.

बाल्कनीतून जाणाऱ्या पावसाच्या पाइपात मात्र जोडणी कधीच करू नका. ते साबणाचं पाणी प्रक्रियेविना नाल्यातून खाडीत जातं, आणि आपल्या ठाणे खाडीत फ्लेमिंगो उतरतात. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हे काम अनेक जण सहज करून टाकतात.

वीज: पाणी तापवणारं मशीन २००० वॉटच्या आसपास ओढतं. ६ अँपिअरचा प्लग किंवा एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही. १६ अँपिअरचा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग घ्या. ओल्या जागेत यात काटकसर नको.

पाइपासाठी भोक पाडायचं तर बीम आणि कॉलमला हात लावू नका, सोसायटीला आधी लेखी कळवा. लीव्ह अँड लायसन्स करारात पॉइंटची नोंद करा, तुंबलं तर साफसफाई कोणाची तेही लिहा.

चावी देण्याआधी दोन बादल्या पाणी त्या पाइपात एकदम ओता आणि दुसऱ्या दिवशी खालच्यांचं छत बघून या.