हार्ट फेल्युअर: डिस्चार्जनंतरचे सहा आठवडे घरी कसे सांभाळायचे

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. त्याची रक्त ढकलायची ताकद कमी होते, अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, आडवं झालं की धाप लागते. दवाखान्यात इंजेक्शनने पाणी उतरलं की घरच्यांना वाटतं, सुटलो. खरं तर सगळ्यात जास्त जपायचे दिवस तिथूनच सुरू होतात.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्राँग-एचएफ (एचएफ म्हणजे हार्ट फेल्युअर) या रुग्णांवरच्या संशोधन-चाचणीत १०७८ रुग्ण होते. एका गटाच्या हार्ट फेल्युअरच्या गोळ्या डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत पूर्ण डोसपर्यंत नेल्या. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याला तपासणी आणि रक्ताची चाचणी. १८० दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचं प्रमाण या गटात १५.२ टक्के, नेहमीच्या पद्धतीच्या गटात २३.३ टक्के. म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणून फेरतपासणी चुकवू नका. डोस डॉक्टरच वाढवतील, पण त्यासाठी त्यांना घरच्या नोंदी लागतात.

एक वही करा. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज सारख्याच कपड्यांत वजन करा. काटा फरशीवर ठेवा. सारवलेल्या जमिनीवर तो डुलतो आणि किलो-अर्धा किलो चुकतो. शेजारी बीपी, नाडी आणि रात्री धाप लागू नये म्हणून किती उशा लागल्या ते लिहा. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वजन वाढलं, तर ते अन्नाचं नाही, पाण्याचं आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

उन्हाळ्यात उलटंही घडतं. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, घाम जातो आणि लघवीची गोळी चालूच असते. वजन झपाट्याने उतरलं, उभं राहताना अंधारी आली, लघवी कमी झाली तर लगेच कळवा. मनाने सगळ्या गोळ्या बंद करणं ही सर्वांत घातक चूक. बहुतेक वेळा फक्त लघवीच्या गोळीचा डोस बदलावा लागतो. पाण्याचं माप डॉक्टरांनी ठरवून दिलं असेल, तर सकाळीच तेवढं एका भांड्यात भरून ठेवा; चहा, ताक, पातळ वरण घेतलं की तेवढं पाणी त्यातून काढून टाका.

मिठावर आपल्या खानदेशात खरी मेहनत आहे. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही भरत नाही. रुग्णाचं मीठ वेगळ्या डबीत मोजून ठेवा. शेवभाजीत शेव खारट आणि रस्साही खारट. पापड-बिबड्यांत मिठाबरोबर पापडखारही असतो, त्यातही मिठातलंच सोडियम. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठात दळतानाच मीठ पडतं, म्हणून रुग्णाचं दळण बिनमिठाचं आणा. भरीत मात्र सोयीचं: वांगं भाजून, मिरची-लसूण घालून सगळ्यांचं एकत्र करा, मीठ ताटात वाढल्यावर. पण अगदी अळणी खायला लावून माणसाचं जेवण तोडू नका. सोडियम-एचएफ चाचणीत (२०२२) दिवसाला १५०० मिलिग्रॅमखाली सोडियम (म्हणजे पावणेचार ग्रॅमच्या आत मीठ) आणायचा प्रयत्न झाला, तरी मृत्यू आणि भरतीचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही.

स्पायरोनोलॅक्टोन (हार्ट फेल्युअरची, अंगातलं पोटॅशियम राखून ठेवणारी गोळी) चालू असेल तर केळ्याचा विचार करावाच लागतो. रेल्स चाचणीत (१९९९) या गोळीने गंभीर रुग्णांमधले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. त्यानंतर कॅनडातल्या ओंटारिओत तिचा वापर भराभर वाढला आणि रक्तातलं पोटॅशियम वाढून दवाखान्यात दाखल होणाऱ्यांची संख्याही वाढली. मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. बागेतून घड घरी येतो आणि दिवसाला चार-पाच सहज खाल्ली जातात. रक्तातलं पोटॅशियम व क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) आठवड्याने आणि चार आठवड्यांनी तपासा. किती केळी चालतील ते रिपोर्ट पाहून विचारा. नारळपाण्याचंही तसंच. ‘लो सोडियम’ मीठ मात्र आणूच नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं.

अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका. त्यांनी मीठ-पाणी अडतं आणि किडनीवर ताण येतो. डापाग्लिफ्लोझिन (मधुमेह आणि हार्ट फेल्युअर दोन्हींत दिली जाणारी गोळी) घेणाऱ्याला उलट्या-जुलाब झाले, किंवा नवरात्राचे कडक उपवास धरायचे असतील, तर गोळी थांबवायची का हे आधीच विचारून ठेवा.

बसल्या जागी धाप, फेसाळ गुलाबी थुंकी, ओठ निळे पडणं, शुद्ध हरपणं: १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवं न करता पाय खाली सोडून बसवा; शुद्ध नसेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. वही आणि गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.