बाईकवर ऊन डोळ्यात जातंय? गॉगल घेताना हे बघा

संध्याकाळी ऐरोली ब्रिजवरून मुलुंडकडे निघालं की सूर्य सरळ तोंडावर येतो, पुढचा ब्रेक मारतोय का तेही धड दिसत नाही, आणि मग लोक स्टेशनबाहेरून मिळेल तो काळाकुट्ट गॉगल उचलतात. काच गडद म्हणजे डोळे सेफ असं अजिबात नाही हां, उलट अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि लेन्सला यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) प्रोटेक्शन नसेल तर जास्त यूव्ही आत जातं, म्हणून यूव्ही ४००, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचं यूव्ही अडवणारी लेन्स, बघूनच घ्या. काच किती गडद त्याची ० ते ४ अशी कॅटेगरी असते, त्यातली ३ पुरते, ४ वाली गाडी चालवताना वापरायचीच नाही. पोलराइज्डने ओल्या रस्त्याची आणि पुढच्या गाडीच्या काचेची चमक मस्त कमी होते, पण काही बाईकचा डिजिटल मीटर किंवा मोबाईलचा मॅप त्यातून काळा दिसतो, तेव्हा दुकानातच मोबाईल तिरका करून चेक करा. लेन्स पॉलीकार्बोनेटची (सहज न फुटणारं प्लास्टिक), काड्या सरळ नि पातळ, नाहीतर हेल्मेटमध्ये कानशिलं दुखतात. ऊन्हात काळी होणारी फोटोक्रोमिक लेन्स बंद व्हायझरमागे (हेल्मेटच्या पुढच्या काचेमागे) नीट काळी होत नाही कारण व्हायझरच बरंचसं यूव्ही अडवतो, उगाच पैसे जातात. मला विचाराल तर आतला सन व्हायझर असलेलं हेल्मेटच बेस्ट, अंधार पडला की एका बोटाने वर.